घाट येतो म्हणूनच गवतात जातोस

वाचकाचं पत्र:

"काका, माझं वय २६. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. सीझनला पेट्या भरून पिकअप मीच काढतो. फोंडाघाट चढून कोल्हापूर मार्केट, कधी आठवड्यातून चार फेऱ्या. रात्रीचा, धुक्यातला, पावसातला घाट मला पाठ आहे. यंदा हातात चार पैसे राहिले म्हणून सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप घेतला आणि सेलमध्ये 'असेटो कोर्सा' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सगळ्या पॅकसकट. फेरारी ४५८ निवडली, जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग ट्रॅक लावला. पंधरा दिवस झाले, एक फेरी पुरी नाही. कीबोर्डवर खेळतो. तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडी गवतात, नाहीतर रेलिंगमध्ये. गाडी खंय जाता ताच समजणा नाय! मित्र म्हणतात, ह्यो बघा आमचो घाटातलो ड्रायव्हर. तीस हजारांचं स्टिअरिंग घेऊ का? पावसात इथे लाईट आणि नेट दोन्हीचे वांधे. आणि बाबा विचारतात, खरी गाडी दारात उभी असताना खोटी कशाला? — गवतातला, देवगड"

प्रिय गवतातल्या,

साधारण २००३-०४ ची गोष्ट. रत्नागिरीत माझं सायबर कॅफे होतं, सहा मशीन, त्यातली दोन कायम आजारी. त्या वेळी 'लाइव्ह फॉर स्पीड' नावाचा गाडीचा गेम नवा आला होता. तिघाजणांनी मिळून बनवलेला, आकाराने एवढासा, पण गाडी खरी वागायची. स्टँडवरची ड्यूटी संपवून एक एसटी ड्रायव्हर मुंबईच्या मुलाला ईमेल टाकायला यायचे. आयुष्य आंबा घाटात गेलेलं. एकदा मी त्यांना माउसवर बसवलं. पहिल्या वळणाला गाडी फिरली आणि तोंड उलट्या दिशेला. परत लावली, परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी माउस सोडला, खुर्चीवर जरा हलून बघितलं आणि म्हणाले, "ह्यात बुडाला काही कळत नाही हो."

तुझ्या पत्राचं अर्धं उत्तर या वाक्यात आहे.

घाटात तू गाडी डोळ्यांनी चालवतोस असं तुला वाटतं. खरं तर चालवतोस सीटवरून. भरलेली पिकअप वळणात किती कलली, मागचा पाटा कुठे दबला, ब्रेक मारल्यावर नाक किती खाली गेलं, हे सगळं कमरेखालून मेंदूकडे जातं आणि हात-पाय परस्पर काम करतात. लॅपटॉपसमोरची प्लास्टिकची खुर्ची ढिम्म. तिच्यातून काही येत नाही. गेममधली गाडी तुला सांगत असते, पण दुसऱ्या वाटांनी: टायरचा आवाज, स्टिअरिंगमधला जडपणा, क्षितिजाची हालचाल. तुझे कान आणि हात या कामाला अजून लागलेले नाहीत, आणि कीबोर्डवर असेपर्यंत हातांना तर कामच नाही.

उरलेलं अर्धं उत्तर जरा टोचेल. तुला घाट चांगला येतो, म्हणूनच हा गेम येत नाहीये.

घाटातला चांगला ड्रायव्हर म्हणजे काय? टायरची पकड शिल्लक ठेवून चालवणारा. वळणापलीकडे म्हैस असेल, ट्रक आपल्या बाजूला आला असेल, दरड आली असेल, म्हणून हातचं राखून. शहाणा माणूस रस्त्यावर टायरच्या ताकदीचा पाव किंवा फार तर तिसरा हिस्सा वापरतो. उरलेला आयुष्यभर शिलकीत. शर्यतीचा धंदा याच्या उलटा. तिथे शिल्लक ठेवणारा मागे पडतो. तू एवढी वर्षं ज्या टोकाच्या अलीकडे राहिलास, त्या टोकावरच गाडी तासन्‌तास चालवायची असते. ते टोक तू पाहिलेलंच नाहीस, मग ते आलेलं कळणार कसं?

नाही, एकदा पाहिलं असशील. पेट्या उतरवून रिकामी पिकअप परत आणताना, जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल वर आलेलं असताना. वळणात जरा रेस सोडलीस आणि मागची बाजू सटकली. बरोबर? ती अर्ध्या सेकंदाची धडधड आठव. गेममध्ये तुझी फेरारी गवतात जाण्याआधी नेमकं तेच होतंय, फक्त ती धडधड तुझ्यापर्यंत पोचत नाही.

असं का होतं ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ब्रेक मारलास की पेट्या केबिनकडे सरकू बघतात. पेट्या नसल्या तरी गाडीचं वजन तसंच पुढे येतं. पुढची चाकं दाबली जातात, मागची हलकी होतात. रेस दिलीस की उलट. वळणाच्या मध्यावर घाबरून रेस एकदम सोडली की वजन पुढे येतं, मागची चाकं उचलल्यासारखी होतात आणि ढुंगण बाहेर जायला लागतं. भीती वाटली की पाय उचलायचा ही रस्त्यावरची चांगली सवय, तीच इथे गाडी फिरवते. रेस सोडायला हरकत नाही, पण तूप ओतावं तशी, धार धरून.

दुसरी गोष्ट टायरच्या कुवतीची. समज, टायरकडे शंभर पेट्यांची जागा आहे. ब्रेक हे एक गिऱ्हाईक, वळणं हे दुसरं. ब्रेकनेच शंभर घेतल्या तर वळायला काही उरत नाही. चाकं वळलेली, गाडी सरळ, समोर गवत. (हिशेब सरळ वजाबाकीचा नाही, गोल काढून करावा लागतो. ब्रेकला सत्तर दिले तर वळायला तीस नव्हे, सत्तरच्या आसपास उरतात. नव्वद दिले तर चव्वेचाळीसच. थोडं सोडलं की खूप परत मिळतं, ही त्यातली गंमत.) आता कीबोर्ड बघ. बाण दाबला की पूर्ण ब्रेक, सोडला की शून्य. डावा बाण दाबला की चाक भर्रकन डावीकडे. गेम त्यात थोडी मवाळी घालतो, तरी तू टायरला दर वळणाला शंभर पेट्यांवर आणखी साठ लादतो आहेस. तिथे कुठलाही ड्रायव्हर गवतातच जाईल. मित्रांना हे सांगू नकोस, त्यांना बसव आणि बघत राहा.

मग तीस हजारांचं स्टिअरिंग घ्यावं का? घे, पण या महिन्यात नको.

आधी दोन हजारांच्या आसपासचा साधा वायरवाला गेमपॅड आण. त्याची काडी आणि खालचे दोन ट्रिगर अर्धे-पाव दाबता येतात, म्हणजे अर्धा ब्रेक, पाव रेस. एवढ्यानेच तुझी निम्मी गवतं संपतील. महिनाभर रोज अर्धा-पाऊण तास त्यावर काढ. महिन्यानंतरही संध्याकाळी हात शिवशिवत असतील तर तीस हजार सत्कारणी लागतील. नसतील तर त्या पैशात कलमांना खत घालता येईल. नव्या उत्साहात घेतलेली आणि माळ्यावर गेलेली स्टिअरिंगं मी बरीच पाहिली आहेत. त्यातलं एक माझंच होतं.

गाडी आणि ट्रॅकही बदल. फेरारी ४५८ ची ताकद साडेपाचशे हॉर्सपॉवरच्या वर. तुझी पिकअप पाऊणशेच्या आतबाहेर. आणि न्यूरबुर्गरिंगची ती जुनी वाट, नॉर्डश्लायफे, १९२७ साली सुरू झालेली, २०.८ किलोमीटरची, डोंगरातून वरखाली जाणारी. १९७६ मध्ये शर्यतपटू निकी लाउडा तिथे जळता जळता वाचला आणि फॉर्म्युला वनने त्या वाटेचा नाद सोडला. तिथे एका वळणाची चूक सुधारायची तर तेच वळण पुन्हा यायला आठ-दहा मिनिटं थांबावं लागतं. पोहायला शिकायला कोणी आषाढातल्या समुद्रात उतरतं का? आधी विहीर.

तुझी विहीर म्हणजे इटलीतला माजोने. अडीच किलोमीटरचा, गेममध्ये असलेला, फारसा कोणी भाव न देणारा ट्रॅक. गाडी माझदा एमएक्स-५, जुनी, पहिल्या पिढीची. टनभर वजन, शे-सव्वाशे हॉर्सपॉवर, जोर मागच्या चाकांना. तुझ्या पिकअपसारखाच, म्हणून तुझ्या ओळखीचा. ही गाडी सटकते ती सांगून-सवरून, सावकाश, आणि माफही करते. महिनाभर ट्रॅक बदलायचा नाही, गाडी बदलायची नाही. कंटाळा येईल, आला पाहिजे. कंटाळा आल्यावरच माणसाला वळणाच्या कडेची खूण दिसायला लागते.

सेटिंगमध्ये फार डोकं घालू नकोस. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (रेस देताना चाक जागीच फिरू न देणारी) 'फॅक्टरी'वर ठेव, म्हणजे खऱ्या गाडीत जे होतं तेवढंच मिळेल. क्लच आपोआप. टायर गरम करून देणारी सोय चालू, नाहीतर पहिल्या फेरीत थंड टायरवर घसरशील आणि दोष स्वतःला देशील. रस्त्यावर हिरवी-लाल रेघ दाखवणारी मदत चार दिवस ठेव आणि पाचव्या दिवशी बंद कर. ती चालू असली की माणूस रस्ता बघतच नाही, रेघ बघतो.

एक सेटिंग मात्र पट्टी घेऊन बसून करायचं आहे, कारण तुझ्या 'खंय जाता समजणा नाय' या तक्रारीचा मोठा वाटा त्यात आहे. गेममध्ये समोरचं दृश्य किती अंशांत दाखवायचं ते ठरवता येतं, त्याला एफओव्ही म्हणतात. अंश जास्त ठेवले की खूप काही दिसतं, वेगाची मजा येते, पण सगळं लांब आणि बारीक होतं. वळण लांब वाटतं आणि अचानक अंगावर येतं. खरं माप असं काढ. तुझा लॅपटॉप १५.६ इंची असेल तर नुसत्या स्क्रीनची उंची साधारण १९.४ सेंटीमीटर. डोळ्यापासून अंतर पन्नास धरू. उंचीच्या निम्म्याला अंतराने भाग: ९.७ भागिले ५०, म्हणजे ०.१९४. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर याचा उलटा टॅन काढ, अकरा अंश येतील. दुप्पट बावीस. म्हणजे खऱ्या गाडीतून दिसेल तसं दिसायला उभ्या मापात बावीस अंश हवेत. गेम आपण होऊन जे लावून देतो ते याच्यापेक्षा बरंच जास्त असतं. अगदी बावीसवर नेलंस तर पाइपातून बघितल्यासारखं होईल, शेजारची गाडी दिसणारच नाही. म्हणून लॅपटॉप जेवढा जवळ ओढता येईल तेवढा ओढ आणि तिशीच्या आसपास ठेव. पहिले दोन दिवस सगळं संथ वाटेल. तिसऱ्या दिवशी ब्रेक योग्य जागी पडायला लागेल आणि का ते तुझं तुलाच कळणार नाही.

आता चालवायचं. तुझ्याकडे दोन गोष्टी आधीच आहेत, त्या वापर.

एक म्हणजे नजर. रात्री फोंडाघाट उतरताना तू बोनेटकडे बघत नाहीस. दोन वळणं खाली झाडांवर हलणारा उजेड बघतोस आणि समोरून किती मोठी गाडी येते ते आधीच ताडतोस. स्क्रीनसमोर बसल्यावर हाच माणूस गाडीच्या नाकासमोर दहा फुटांवर डोळे लावून बसतो. ब्रेक मारतानाच नजर वळणाच्या आतल्या कडेवर गेली पाहिजे, आणि तिथे पोचायच्या आत बाहेर पडायच्या जागेवर.

दुसरी म्हणजे आंधळं वळण. डोंगर आडवा असला की तू घाईने आत घुसत नाहीस, बाहेरच्या बाजूला राहून पुढचं उघडेपर्यंत थांबतोस आणि मग वळवतोस. शर्यतवाले हेच करतात. बाहेरून आत, आतल्या कडेला अपेक्स म्हणतात तिथे जवळजवळ चाटून, परत बाहेर. आणि नवशिक्याने अपेक्स जरा उशिराच धरावा, कारण मग बाहेर पडताना रस्ता उरतो. फरक एवढाच की घाटात तुला अर्धाच रस्ता मिळतो आणि इथे पूर्ण. पिवळ्या पट्ट्याच्या डावीकडे राहायची तुझ्या हातांची सवय पहिला आठवडा नडेल. मुद्दाम रस्त्याच्या दोन्ही कडा वापर, लाल-पांढऱ्या दगडावर चाक चढेपर्यंत.

आणि ब्रेक. ब्रेकवर बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालव. सरळ असतानाच जोरात ब्रेक, गिअर खाली, मग वळायला लागताना पाय हळूहळू वर. चाक जेवढं वळतं तेवढा ब्रेक सुटतो, जणू दोघांना एकच दोरी बांधली आहे. त्या एसटीवाल्यांनी घाटात कधी वळणात ब्रेक दाबला नसेल. गिअर आधी पडायचा, वेग आधी उतरायचा, वळण नुसतं घ्यायचं. तुझी सुरुवात तिथूनच कर: वळणाआधी ब्रेक पूर्ण संपव, मग वळ. हे दहा फेऱ्या न चुकता जमलं की ब्रेकची शेपटी थोडी वळणात न्यायची. तिथे वेळ वाचतो. पण आधी नाही.

घड्याळाकडे पहिले दोन आठवडे बघू नकोस, किंवा बघायचंच तर असं बघ: सलग दहा फेऱ्या, एकदाही गवतात न जाता, आणि सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद फेरीत एका सेकंदाचा फरक. हे जमलं की वेग आपोआप येतो. एक फेरी झकास आणि नऊ गवतात, हे शर्यतीत शून्य मार्कांचं काम.

गाडी सटकलीच तर? ज्या बाजूला शेपटी जाते त्या बाजूला स्टिअरिंग, हे तुला सांगायला नको. नडते ती दुसरी सटक. टायर पुन्हा पकड घेतो त्या क्षणी चाक सरळ केलेलं नसेल तर गाडी चाबकासारखी उलट्या बाजूला फेकली जाते. उलटं चाक जेवढ्या वेगाने मारलंस तेवढ्याच वेगाने परत आण. हे गेमपॅडवर जेमतेम जमतं, स्टिअरिंगवर नीट जमतं, कारण तिथे मोटर तुझ्या हाताला ओढून सांगते.

आलो स्टिअरिंगवर. महिन्याभरानंतरचं हे. तुझ्या पैशात लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२३ सारखं येतं, ९०० अंश फिरणारं, तीन पेडल, आत दातेरी चक्रं. थोडं खडखडतं, जोर बेताचा, पण शिकायला भरपूर. याच्या वर पट्ट्यावर चालणारी येतात आणि त्याच्याही वर मोटरच्या दांड्यावर चाक थेट बसवलेली, डायरेक्ट ड्राइव्ह. एकदा ती हातात धरली की खालच्या पायरीवर उतरवत नाही, म्हणून आत्ताच धरू नकोस. पैसे वाढवायचेच झाले तर माझं मत स्पष्ट आहे: चाकाआधी ब्रेकवर घाल. लोड सेलचा ब्रेक पाय किती खाली गेला ते नव्हे, किती जोर दिला ते मोजतो. खऱ्या ब्रेकचीही जाण आपल्याला जोरावरूनच असते.

सेकंडहँड घेणार असशील तर लॅपटॉप बरोबर घेऊन जा. मी गेलो नव्हतो. फोटो बघून पैसे धाडले, खोकं आलं, जोडलं, गाडी हलेना. दोन दिवस गेमला शिव्या घातल्या. मग विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडली. ब्रेकला पाय लावलेलाच नाही आणि पट्टी तिसऱ्या हिश्श्यावर उभी, मधूनच थरथरतेय. पेडलच्या आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरता भाग असतो, त्यात धूळ बसलेली. साफ करून चाललं, पण मनस्ताप झालाच. तू विकत घेताना हीच खिडकी उघड, तिन्ही पेडल एकेक करून अगदी सावकाश दाब आणि सोड. पट्टी गुळगुळीत चढली-उतरली पाहिजे. उडी मारली तर भाव पाड, नाहीतर उठून ये.

जोडल्यावर 'जोर जास्त म्हणजे खरं' असं समजून सगळे आकडे शंभरावर नेऊ नकोस. गेममध्ये पेडलच्या पट्ट्या दाखवणारं छोटं अ‍ॅप आहे, त्यात स्टिअरिंगच्या जोराचीही एक पट्टी असते. ती सारखी लाल होत असेल तर मोटर आपल्या टोकाला पोचली आहे. मग लांबच्या वळणातला दाब आणि दगडावरचा धक्का हाताला सारखेच लागतात, म्हणजे काही कळतच नाही. लाल क्वचित, एखाद्या धक्क्यालाच दिसावं, इथपर्यंत जोर उतरव.

लाईटचं. लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, स्टिअरिंग धरणार नाही. त्याचा वीजपुरवठा वेगळा असतो. वळणात अंगभर जोर लावलेला असतो आणि महावितरणची कृपा होते. चाक एका क्षणात मेल्यासारखं सैल, तू मनगटासकट डावीकडे. शिवाय बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप स्वतःचा दम कमी करतो, चित्र अडखळतं. घरी इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्यावर घे, नसेल तर पाऊस कोसळत असताना खेळूच नकोस. विजा चमकायला लागल्या की प्लग काढ, टीव्हीचा काढतोस तसा. आणि समुद्राकाठची हवा पिनांना खाते, हे तुला मोटरसायकलवरून माहीत आहेच. खेळून झालं की जुनं धोतर किंवा सुती चादर टाक, प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

नेटची चिंता सोड. असेटो कोर्सा नेटशिवाय, संगणकाच्या गाड्यांबरोबर व्यवस्थित चालतो, म्हणून तुला तोच ठीक. आयरेसिंगसारखे काही वर्गणीवर आणि कायम नेटवर चालतात. ते देवगडच्या जुलैत नकोत. शिवाय माणसांबरोबर शर्यत लावायची घाई कशाला? पहिल्या वळणावर वीस गाड्या एकदम घुसतात आणि तिथे नवा माणूस दुसऱ्याची संध्याकाळ वाया घालवतो. आधी त्या दहा फेऱ्या. लॅपटॉपला असेटो जड होत असेल तर माझ्या कॅफेतला लाइव्ह फॉर स्पीड अजूनही आहे. त्याचा फुकट भाग जुन्या मशीनवरही पळतो आणि शिकवतो भरपूर.

राहिले बाबा. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस, बरोबर आहे. पण उत्तर त्यांच्याच घरात आहे: दारातल्या गाडीचं टोक बघायला जायचं तर खाली दरी आणि मागे त्यांच्या वर्षाच्या पेट्या. खऱ्या ट्रॅकवर जायचं तर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरचा करी, आणि तिथला एका दिवसाचा टायरचा खर्च ऐकून ते तुला स्टिअरिंग स्वतःहून आणून देतील. यातून कोणी पुढे जातच नाही असंही नाही. स्पेनचा लुकास ओर्दोनेझ २००८ मध्ये ग्रान तुरिस्मो या गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०११ ला फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची टीम आपल्या वर्गात दुसरी आली. पण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. हे बाबांना सांगताना आवाज बेताचा ठेव. नाहीतर ते विचारतील, मग कलमांवर फवारणी कोण करणार.

त्यांना एक शब्द मात्र दे, आणि मलाही. खेळून उठल्यावर लगेच पिकअपची किल्ली उचलायची नाही. तासभर टोकावर गाडी चालवून उठलं की डोळ्यांना ऐंशीचा वेग चाळीससारखा वाटतो आणि पिवळा पट्टा दिसेनासा होतो. मी एकदा रत्नागिरीत असाच उठून भाट्याच्या पुलाकडे निघालो होतो. काही झालं नाही, पण शेजारी बसलेल्या बायकोने त्यानंतर आठवडाभर माझ्याशी गाडीत बोलणं टाकलं. मधे जेव, आंघोळ कर, कलमांत एक चक्कर मार. घाटातलं ते हातचं राखणं तुझ्याकडे जसंच्या तसं राहू दे.

शेवटचं, पेडलचं. लादीवर ते मागे सरकतात. जोरात ब्रेक मारलास की पेडल भिंतीकडे आणि खुर्ची उलट दिशेला. चाकांची खुर्ची असेल तर विचारू नकोस. बाजारात यासाठी लोखंडी सांगाडे मिळतात, पाच आकडी किमतीचे. तुझ्या घरी रिकाम्या पेट्या आहेत. एक मजबूत बघून पेडल आणि भिंतीच्या मधे आडवी बसव, आणि खुर्चीचे पुढचे पाय सुंभाने तिलाच बांध. माझं गेली सहा वर्षं असंच चाललंय. फक्त पेटीचे खिळे आधी ठोकून आत घे, अनवाणी खेळतोस ना.